गावाच्या तलावासाठी निधी मागतोय, पण पैसा कुणाच्या नावावर घ्यायचा?

माणदेशी_पोर
१२ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. जरा मोठा झालाय, सांभाळून घ्या.

आमचं गाव माण तालुक्यात, साडेतीनशे उंबऱ्याचं. गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव आहे. १९७२ च्या दुष्काळात सुकडीवर आणि रोजावर लोकांनी बांधलेला. माझ्या आजीने त्या कामावर पाटीने माती वाहिली आहे. आता तलाव गाळाने निम्म्याहून जास्त भरलाय. पाऊस झाला तर दिवाळीपर्यंत पाणी दिसतं, नंतर तिथे गुरं चरतात. खालच्या बारा-पंधरा विहिरी संक्रांतीलाच तळ गाठतात.

पुण्या-मुंबईत नोकरी करणारी आम्ही गावची पंचवीसेक पोरं एकत्र आलोय. एका कंपनीच्या सीएसआर विभागात (कंपनीच्या नफ्यातला सामाजिक कामाचा पैसा बघणारा विभाग) आमच्यातल्या एकाची ओळख निघाली. तिकडून 'प्रस्ताव पाठवा, मार्चच्या आत बघू' असं उत्तर आलंय. आता आमचं घोडं अडलंय ते इथे: नवीन संस्था काढायची, ग्रामपंचायतीमार्फत जायचं, की दुसऱ्या कुठल्या संस्थेला मध्ये घ्यायचं? आणि गावाकडून वर्गणी घ्यायची का?

एक भीतीही सांगतो. आठेक वर्षांपूर्वी देणगीतून गावात शुद्ध पाण्याचं यंत्र बसलं होतं. पाच रुपयांत वीस लिटर. सगळं गाव खूश. दीड वर्षाने मेम्ब्रेन (पाणी गाळणारा पडदा) बदलायची वेळ आली तेव्हा पैसे कुणी द्यायचे हेच कुणाला माहीत नव्हतं. ग्रामपंचायत म्हणाली, यंत्र आमच्या ताब्यात दिलेलंच नाही. देणगीदार म्हणाले, आम्ही गावाला दिलं, आमचं काम संपलं. वीजबिल थकलं, मीटर गेला. त्या खोलीला आज कुलूप आहे आणि माझी आई पुन्हा जार विकत घेते. तलावाचं असं होऊ नये, म्हणून आधी विचारतोय.

---

हिशेबनीस
१२ जानेवारी, रात्री १०:५५

धागा काढलात ते बरं केलंत. मी सोलापूरकडे संस्थांचे हिशेब बघतो, त्यामुळे कागदाच्या बाजूचं तेवढं लिहितो.

या निधीसाठी नवीन संस्था काढू नका. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली ज्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते, त्या कंपन्यांना बाहेरच्या संस्थेमार्फत काम करायचं असेल तर त्या संस्थेकडे १२ए आणि ८०जी या आयकर खात्याच्या करसवलतीच्या नोंदण्या लागतात, तशाच प्रकारच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ ही कंपनी खात्याकडची नोंदणीही लागते. तुम्ही उद्या धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज केलात तरी हा तीन वर्षांचा अनुभव कुठून आणणार?

त्यात विश्वस्त संस्था म्हणजे आयुष्यभराची जबाबदारी. दरवर्षी लेखापरीक्षण. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या संस्था इथेच अडकलेल्या असतात. दहा वर्षांपूर्वीचा अध्यक्ष वारला, बदल अर्ज केला नाही, त्यावर पुढचे चार अर्ज लटकले, आणि आता बँक खात्यावर सह्या कुणाच्या हा वाद. उत्साहात काढलेल्या संस्थांची ही अवस्था बघून वाईट वाटतं. माणसं चांगली असतात, कागद मागे राहतो.

तालुक्यात किंवा शेजारच्या तालुक्यात पाण्यावर काम करणारी जुनी संस्था असेलच. तिच्याकडे जा. मात्र तोंडी काही ठेवू नका. संस्था, ग्रामपंचायत आणि कंपनी असा तिघांचा करार करा. काम झाल्यावर मालमत्ता कुणाच्या ताब्यात आणि देखभाल कुणाच्या खर्चाने, ही दोन कलमं त्यात आलीच पाहिजेत. तुमचं पाण्याचं यंत्र या दोन कलमांवाचून बंद पडलं.

'मार्चच्या आत' याबद्दलही सांगतो. वर्षअखेरीला खर्च दाखवायची घाई असते. काम अनेक वर्षांचं म्हणून मंजूर केलं, तर कंपनीला उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करता येते. तेव्हा त्यांना विचारा की तुम्ही हे एका वर्षाचं काम धरताय की चालू प्रकल्प. चालू प्रकल्प म्हणाले तर तुम्हाला गावात बसून बोलायला वेळ मिळेल.

---

सही_शिक्का
१३ जानेवारी, सकाळी ७:१०

हिशेबनीस यांच्याशी सहमत. मी ग्रामसेवक आहे (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, लोक ग्रामसेवकच म्हणतात). माझ्या बाजूने थोडं.

पोरं निधी शोधत बाहेर फिरतात आणि ग्रामपंचायतीच्या खात्यावर काय आहे ते विचारत नाहीत. १५ व्या वित्त आयोगाचं केंद्राकडून येणारं अनुदान २०२१-२६ या काळासाठी ठरलं, त्याची विभागणी बघा. ६० टक्के बंधित, म्हणजे ठरावीक कामांनाच: त्यातलं निम्मं स्वच्छतेला, निम्मं पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांना. ४० टक्के अबंधित, पण त्यातून पगार आणि आस्थापनेवर खर्च करता येत नाही. राज्यात या अनुदानाचा ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला. साडेतीनशे उंबऱ्याच्या गावाला यातून फार मोठी रक्कम येत नाही, हे खरं. पण विहीर पुनर्भरण, शाळेच्या छतावरचं पाणी यासाठी ती पुरते.

अट एकच, काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असलं पाहिजे. आराखड्याच्या ग्रामसभा २ ऑक्टोबरपासून सुरू होतात. त्या वेळी गावात कोण असतं? माझा अनुभव सांगतो, गणसंख्येसाठी माणसं बोलवायला शिपाई घरोघरी पाठवावा लागतो. नोकरदार मुलांनी गणपतीला येता तसं एकदा या ग्रामसभेला यावं. आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर सगळ्यांना बघता येतो, फोनवरसुद्धा. आधी तो उघडून बघा, तुमचा तलाव त्यात आहे का ते.

आणि गाळासाठी तर सरकारचीच योजना आहे, 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'. २०१७ ला सुरू झाली, २०२३ पासून नव्या रूपात. यंत्र आणि इंधनाचा खर्च शासन देतं, काम अशासकीय संस्था किंवा ग्रामपंचायत करू शकते. गाळ शेतात नेण्यासाठी अल्प आणि अत्यल्प भूधारकांना अनुदान आहे, अडीच एकरांपर्यंत, कमाल ३७,५०० रुपये. विधवा, दिव्यांग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातले शेतकरी मोठ्या जमिनीचे असले तरी पात्र. वाळू मात्र उचलता येत नाही.

म्हणजे जे काम सरकारी पैशातून होऊ शकतं त्यासाठी कंपनीपुढे हात पसरू नका. कंपनीकडे ते मागा जे योजनेत बसत नाही.

---

कृष्णाकाठ
१३ जानेवारी, सकाळी ९:३२

सही_शिक्का, हे प्रत्येक गावात कळलं पाहिजे. धन्यवाद.

---

पाणलोट_काका
१३ जानेवारी, दुपारी ३:१५

माझं वय आता एकाहत्तर. नव्वदच्या दशकात नगर जिल्ह्यात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात गावोगाव फिरलो आहे. नाबार्ड, जर्मनीची केएफडब्ल्यू बँक आणि आमच्यासारख्या गावपातळीवरच्या संस्था असं ते काम होतं. त्यातल्या दोन गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिली ही की सगळा पैसा एकदम मिळत नसे. आधी गावाने शंभरेक हेक्टरवर काम करून दाखवायचं, त्याला क्षमता बांधणीचा टप्पा म्हणत. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी हे गावाला जमतंय का ते त्यात दिसायचं. जमलं तरच पुढचा पूर्ण अंमलबजावणीचा टप्पा. गावं चिडायची. 'पैसे देणार असाल तर द्या, परीक्षा कसली घेता?' एका गावात मला पाणीसुद्धा विचारलं नाही. पण त्या पहिल्या वर्षभरात ग्राम पाणलोट समिती भांडून, रुसून, परत एकत्र बसून तयार व्हायची. पैसा आला तेव्हा तो हाताळणारी माणसं तयार असायची.

दुसरी शिवारफेरी. एकेका गटनंबरात त्या शेताच्या मालकाला घेऊन उभं राहायचं आणि तिथे काय करायचं ते ठरवायचं. नवऱ्याबरोबर बायकोलाही बोलवायचं. सुरुवातीला बायका बांधाआड उभ्या राहत. मग एखादी हळूच सांगायची की पाणी या कोपऱ्यातून फुटतं, तिथून नाही, कारण खुरपायला तीच तिथे असायची. नकाशावर आम्ही कितीतरी चर त्यांच्या सांगण्यावरून हलवले.

पोरांनो, तुम्ही तलावाचा गाळ काढायला निघालात. गाळ आला कुठून ते बघितलं का? वरच्या डोंगराचा उतार उघडा असेल तर आज काढलेला गाळ पाच-सात पावसाळ्यांत परत येईल. माथा ते पायथा असंच काम करावं लागतं. आधी वर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले), ओघळींना दगडी बांध, गवत. तलाव शेवटी. कंपनीला जेसीबीचा फोटो आवडतो, गवताचा फोटो कुणी छापत नाही, मला माहीत आहे. तरी प्रस्तावात वरच्या डोंगराचं काम घालाच. गाळ काढण्याआधी आणि नंतर तलावाच्या तळाच्या लेव्हल घ्या, म्हणजे किती घनमीटर निघाला त्यावर वाद होणार नाही. तलावाच्या बांधाच्या भरावाच्या पायथ्याजवळ खोल उकरू देऊ नका. यंत्रवाल्याला घाई असते, तलावाला धोका.

---

ग्रामसंघाची_ताई
१३ जानेवारी, रात्री ८:४८

सगळ्यांचं वाचलं. मला एक विचारायचंय आणि दादा राग मानू नका.

गाळ कुणाच्या रानात जाणार? ज्यांना रान आहे त्यांच्या. विहिरींना पाणी कुणाच्या येणार? तलावाखाली ज्यांच्या विहिरी आहेत त्यांच्या. आणि श्रमदानाला कोण येणार? आमच्या बचत गटातल्या बायका. त्यातल्या निम्म्या बायकांना गुंठाभर रान नाही, रोज बुडवून त्या येतात. आमच्याकडं मागं पाण्याचं काम झालं तेव्हा पंचेचाळीस दिवस आम्ही उन्हात खोदलं. सकाळी सहाला जायचं, दहाला परत येऊन मग मजुरीला. गावाचं काम म्हणून कुणी कमी पडलं नाही. पाणी आलं. ज्यांच्या विहिरी होत्या त्यांनी ऊस लावला. आमच्या हातात काय आलं? ऊस खुरपायची मजुरी आली, ते बी खरं. पण गावात ठरवताना कुणी विचारलं नाही की बाई तुला काय मिळणार.

वर्गणीचं पण तसंच. 'घरटी पाचशे' असं गावोगाव म्हणतात, तेव्हा दहा एकरवाल्याला आणि पालातल्या बाईला सारखीच वर्गणी लागते. हे मला पटत नाही. मी स्पष्ट लिहिलंय कारण इथं लिहिता येतं. ग्रामसभेत बोलायला अजून छातीत धडधडतं.

---

माणदेशी_पोर
१३ जानेवारी, रात्री ९:२०

ताई, राग कसला. आमच्या पंचवीस जणांत एकही घर भूमिहीन नाही, हे तुमचं वाचल्यावर लक्षात आलं. आम्हीही प्रस्तावाच्या मसुद्यात 'घरटी पाचशे' असंच लिहिलं होतं. ते काढतो. पण त्याजागी काय लिहायचं ते कळत नाहीये.

---

पाणलोट_काका
१४ जानेवारी, सकाळी ६:०५

ताईंनी नेमकं बोट ठेवलंय. आमच्या कामातही ही चूक झाली. चराईबंदी केली तेव्हा शेळ्या कुणाच्या होत्या? भूमिहीनांच्याच. आम्ही बंदीचा ठराव आधी केला आणि शेळ्यांचं काय, याचा विचार नंतर. काही घरांनी त्या वर्षी शेळ्या विकल्या. ते अजून सलतं.

यावर उत्तर महाराष्ट्रातच शोधलं गेलंय. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचं काम उभं केलं. त्यांचे नियम बघा. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटायचं. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा हक्क. ऊस लावायचा नाही. आणि पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकला जात नाही.

तुमच्या प्रश्नाशी जुळतो तो त्यांचा पैशाचा हिशेब. सामुदायिक उपसा योजनेचा २० टक्के खर्च सभासदांनी रोख भरायचा, ५० टक्के सरकारी अनुदान, उरलेले ३० टक्के साळुंखे यांच्याच ग्राम गौरव प्रतिष्ठान या संस्थेकडून बिनव्याजी कर्ज. म्हणजे अनुदान होतंच. पण २० टक्के भरलेला माणूस पंप बंद पडला की घरी बसत नाही.

---

धानोऱ्याकडचा
१४ जानेवारी, दुपारी १२:४०

गडचिरोलीतून लिहितो. आमच्याकडे प्रश्न थोडा वेगळा आहे, पण उपयोगी पडेल.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं नाव सगळ्यांनी ऐकलं असेल. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं, म्हणजे बांबू गावाला स्वतः विकता येऊ लागला. तेव्हापासून गावाचं स्वतःचं उत्पन्न सुरू झालं. त्याआधी कित्येक वर्षं त्या गावात अभ्यासगट चालत होते आणि निर्णय सर्वसहमतीने होत. एकाचा विरोध असला तरी विषय पुढे ढकलायचा. बाहेरच्याला हे वेळखाऊ वाटतं, पण एकदा ठरलं की ते मोडत नाही.

पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेला भाग) २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट गावांकडे येतो. पायाभूत सुविधा, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण-स्वच्छता, आणि जंगल-पाणी यांवर तो खर्च करायचा. खर्च ग्रामसभेने ठरवायचा. जिथे ग्रामसभा बसते तिथे या पैशातून चांगली कामं झालीत. जिथे बसत नाही तिथे तो पैसाही सिमेंट रस्त्यात जातो. मी दोन्ही प्रकारची गावं बघितलीत, अंतर चार किलोमीटर. पैसा तोच, नियम तेच.

ताई, तुमच्या प्रश्नावर आमच्याकडचा एक विचार. तलावातली मासेमारी आणि काठावरचं गवत यांचा हक्क भूमिहीन बायकांच्या गटाला द्यायचा ठराव करता येईल का? पाझर तलावात पाणी किती महिने टिकतं त्यावर मासे अवलंबून, पण गवत तरी नक्की मिळेल.

---

खाडीपलीकडची
१५ जानेवारी, पहाटे ४:१८

कॅलिफोर्नियातून वाचते आहे, माहेर आटपाडीचं. इथली बरीच मराठी मंडळी गावाला पैसे पाठवायला तयार असतात आणि नियम माहीत नसल्याने गोंधळ होतो, म्हणून लिहिते.

तुमच्यापैकी कुणी परदेशात असेल आणि अजून भारतीय पासपोर्ट असेल, तर स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी परदेशी देणगी धरली जात नाही. पण ज्यांनी इथलं नागरिकत्व घेतलं, अगदी ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, त्यांचा पैसा परदेशी धरला जातो. तो घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच आला पाहिजे. आणि एका संस्थेने तो घेऊन दुसऱ्या संस्थेला देणं आता बंद आहे. पूर्वी मोठी संस्था घ्यायची आणि खेड्यातल्या छोट्या गटांना वाटायची, ती वाटच संपली. मला याचं फार वाईट वाटतं, कारण छोट्या गटांना त्याच वाटेने पैसा पोचायचा.

म्हणून माझी विनंती: भावनेच्या भरात कुणाचाही पैसा कुणाच्याही वैयक्तिक खात्यात मागवू नका. तुमची नियत चांगली असली तरी उद्या त्रास संस्थेला होतो.

---

हिशेबनीस
१५ जानेवारी, सकाळी ११:००

खाडीपलीकडची ताईंनी लिहिलंय ते बरोबर. जोडीला इथल्या देणगीदारांसाठी: ८०जी खाली देणगीवर मिळणारी आयकरातली वजावट २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिल्यास मिळत नाही, आणि नवीन करप्रणाली घेतलेल्यांना मिळतच नाही. पावती मात्र प्रत्येकाला द्या, शंभर रुपयांची असली तरी. गावात संशय पैशापेक्षा पावती नसल्याने जास्त वाढतो. जमाखर्च दर महिन्याला देवळाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. मोठ्या अक्षरात, मराठीत.

---

माणदेशी_पोर
२८ जानेवारी, रात्री १०:३०

मंडळी, सांगायला आलो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला आम्ही अठरा जण गावी गेलो. तीन तास चालली. एवढी लांब ग्रामसभा मी कधी बघितली नव्हती.

आराखडा उघडून बघितला तर तलाव त्यात नव्हताच, दोन वर्षं रस्त्याचं काम आणि दिवे. आता पुरवणी आराखड्यात घ्यायचा ठराव झाला. गाळासाठी योजनेतून अर्ज ग्रामपंचायत करणार. कंपनीकडे आम्ही आता फक्त वरच्या डोंगराच्या चरांचं आणि दगडी बांधांचं काम मागतोय, तीन वर्षांचं, शेजारच्या तालुक्यातल्या जुन्या संस्थेमार्फत. काकांनी सांगितलं तसं पहिल्या वर्षी एकाच ओघळीवर. कंपनीतल्या बाईंना हे फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, रक्कम कमी केलेला प्रस्ताव त्यांच्याकडे पहिल्यांदाच येतोय. मंजुरीचं अजून नक्की नाही.

वर्गणीवर खूप वाद झाला. शेवटी एकरी ठरली, तलावाखालच्या विहीरवाल्यांना दुप्पट, भूमिहीनांना नाही. दोन मोठ्या बागाईतदारांनी नकार दिला, त्यांच्याशी बोलणं चालू आहे. तो पैसा देखभालीसाठी वेगळ्या खात्यात, गाळाच्या कामाला त्यातला रुपया लावायचा नाही.

गवत आणि मासे बायकांच्या गटाला, हा ठराव मांडायला कुणी पुढे येईना. मी उठणार होतो, तेवढ्यात शेवटच्या रांगेतून माझी आई उठली. ती अशी कधी बोलत नाही. 'पाण्याच्या मशीनला कुलूप लागलं तेव्हा कुणाला विचारलं होतं?' एवढंच म्हणाली आणि ठराव वाचायला सांगितला. गवताचा मंजूर झाला. माशांचा पुढच्या सभेवर गेला.

ऊस लावायचा नाही, हा विषय मात्र आम्ही काढलाच नाही. धाडस झालं नाही.

---

ग्रामसंघाची_ताई
२८ जानेवारी, रात्री ११:०२

दादा, आईंना माझा नमस्कार सांगा.

गवताचा ठराव नुसता इतिवृत्तात ठेवू नका, त्याची सही-शिक्क्याची प्रत गटाच्या वहीत लावून घ्या. आणि गवत कधी कापायचं, किती बायका, आजारी असली तर तिचा वाटा कसा, हे आत्ताच लिहून ठेवा. आमच्या गटाचे नियम मी उद्या वहीतून उतरवून इथं टाकते, तुमच्या बायकांना वाचून दाखवा.

---

पाणलोट_काका
२९ जानेवारी, सकाळी ५:५०

पहिली ओघळ कुठली धरलीत? उताराचा फोटो आणि गटनंबर टाका. मार्च लागायच्या आत मी येऊन बघतो, एसटीने येईन, कुणी न्यायला यायची गरज नाही.